डॉक्टरकीची रंगीत तालीम गावात घेणाऱ्या बडी बहनजी : सेवाग्रामच्या डॉ. सुशीला नायर यांची गोष्ट

आज एमबीबीएसला गेलेलं पोरगं पहिलं इंजेक्शन कोणाला देतं?

पेशंटला नाही. प्लॅस्टिकच्या हाताला.

मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये रबरी कातडीचे हात असतात, त्यात बारीक नळ्या असतात आणि नळ्यांमधून लाल पाणी फिरतं. छाती नीट दाबली की टक् असा आवाज करणारे पुतळे असतात. बाळंतपण कसं करायचं हे शिकवणारी मॉडेल असतात. जनावरांच्या डॉक्टरांसाठी तर गाईच्या मागच्या धडाचं मॉडेल मिळतं. त्यात हात घालून अडलेलं वासरू बाहेर काढायची प्रॅक्टिस करता येते.

या सगळ्याला म्हणतात सिम्युलेशन. आपल्या भाषेत सांगायचं तर रंगीत तालीम. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी करतात तशी. काय चुकायचं ते इथे चुका, पेशंटच्या अंगावर नको, एवढी साधी कल्पना आहे. २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला आणि देशातल्या मेडिकल कॉलेजांना अशी स्किल लॅब सक्तीची झाली. थेट अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकात डोकं घालायच्या आधी नव्या पोरांना डॉक्टरकीची ओळख करून देणारा फाउंडेशन कोर्सही आला.

पण याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १९६९ साली, वर्धा जिल्ह्यात एक मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथेही तालीम होती, फक्त ती पुतळ्यावर नव्हती. पोरांना आधी पंधरा दिवस आश्रमात राहायला लावायचे आणि मग पंधरा दिवस खेड्यात. हातात झाडू, अंगावर खादी. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना ही शिक्षा वाटावी असाच प्रकार.

कॉलेजचं नाव महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, सेवाग्राम. आणि ते उभं करणाऱ्या बाईंचं नाव डॉ. सुशीला नायर. त्यांनी हे असं का केलं, हे समजून घ्यायचं तर त्या स्वतः डॉक्टरकी कुठे आणि कशी शिकल्या ते बघावं लागतं.

आडनाव नायर, पण केरळच्या नाहीत

नायर म्हटलं की आपल्याला केरळ आठवतं. सुशीला नायर मात्र पक्क्या पंजाबी. २६ डिसेंबर १९१४ ला त्यांचा जन्म झाला तो कुंजाह या गावात. हे गाव गुजरात जिल्ह्यातलं. हा आपला शेजारचा गुजरात नाही, पंजाबातला. फाळणीनंतर तो भाग पाकिस्तानात गेला.

त्यांचे थोरले भाऊ प्यारेलाल त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. १९२० च्या असहकार चळवळीत प्यारेलाल शिक्षण सोडून गांधीजींकडे गेले ते कायमचे. पुढे ते गांधीजींचे सचिव झाले. घरातला कर्ता मुलगा आश्रमात गेल्यामुळे गांधी हे नाव या घरात रोजचंच झालं. लहान सुशीलाची गांधीजींशी ओळख झाली ती भावामुळे.

सुशीला शिकायला दिल्लीला आल्या. तिथे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज होतं. १९१६ साली फक्त मुलींसाठी सुरू झालेलं. परपुरुषाकडून तपासून घ्यायचं नाही म्हणून बायका घरातच दुखणं काढायच्या, तो हा काळ. अशा काळात लेडी हार्डिंगमधून बाहेर पडणारी प्रत्येक मुलगी म्हणजे हजारो बायकांसाठी उघडलेलं दार. सुशीला नायर यांनी तिथून एमबीबीएस केलं आणि पुढे एमडीही.

इथपर्यंतची गोष्ट हुशार मुलीची आहे. मोठ्या शहरात प्रॅक्टिस सुरू केली असती तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण १९३९ साली त्या भावाकडे आल्या. वर्ध्याजवळ.

कॉलरा आला, आणि डॉक्टर एकच

वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर शेगाव नावाचं खेडं होतं. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजी आधी वर्ध्यात आले आणि १९३६ साली या शेगावात राहायला गेले. आता गंमत अशी की बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आहेच. गांधीजींची पत्रं तिकडे जायला लागली. शेवटी १९४० साली या गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं.

त्या वेळचं हे गाव म्हणजे धड रस्ता नाही, वीज नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, बैलगाडीसुद्धा रुतायची. साप, विंचू, मलेरिया हे रोजचे पाहुणे.

सुशीला नायर इथे आल्या आणि थोड्याच दिवसांत कॉलरा आला.

कॉलऱ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी इतक्या झपाट्याने जातं की धडधाकट माणूस काही तासांत जाऊ शकतो. आज आपण मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणतो. ते तेव्हा नव्हतं. साखर-मिठाच्या पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवता येतात हे जगाला ठळकपणे दिसलं ते १९७१ साली, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये. म्हणजे तीस वर्षांनी.

वय जेमतेम चोवीस-पंचवीस, डिग्री नवीकोरी, आणि समोर साथ. ती साथ त्यांनी जवळपास एकटीने निभावली. गांधीजींनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं. पुढे डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या संमतीने त्या गांधीजींच्या खासगी डॉक्टर झाल्या.

आता जरा थांबून विचार करा. मेडिकल कॉलेजमध्ये कॉलऱ्याचं प्रकरण पुस्तकात असतं. जंतू कुठला, लक्षणं काय, उपचार काय. पण गावाची विहीर कुठे आहे, कोणत्या वस्तीला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देतात, उकळून पाणी प्यायला सांगितलं तर रोजचं सरपण कुठून येणार, हे पुस्तकात नसतं. साथ आटोक्यात येते ती या दुसऱ्या भागावर. आणि या भागाची तालीम सुशीला नायर यांना कुणी दिलेली नव्हती. त्या थेट प्रयोगालाच उभ्या राहिल्या.

आगाखान पॅलेस : तुरुंगातला दवाखाना

९ ऑगस्ट १९४२. चले जाव चळवळ सुरू झाली आणि पहाटेच गांधीजींना मुंबईत अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींच्या जागी कस्तुरबा बोलणार होत्या. पोलिसांनी त्यांनाही पकडलं. सोबत सुशीला नायर होत्या, त्यांनाही. दोन दिवस आर्थर रोड जेलमध्ये काढल्यावर दोघींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणलं. गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू तिथे होतेच.

महादेवभाई म्हणजे गांधीजींचा उजवा हात. वय पन्नास. १५ ऑगस्ट १९४२ ला सकाळी ते अचानक कोसळले. हृदयविकाराचा झटका. डॉक्टर जवळ होत्या, त्यांनी धडपड केली, पण काही मिनिटांत सगळं संपलं. अटकेला अजून एक आठवडाही झाला नव्हता.

पुढच्या वर्षी १० फेब्रुवारीला गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय त्र्याहत्तर. सुशीला नायर, डॉ. गिल्डर आणि कलकत्त्याहून आलेले डॉ. रॉय अशी डॉक्टर मंडळी रात्रंदिवस लक्ष ठेवून होती. एक वेळ अशी आली की गांधीजी जगतील याची खात्री कुणालाच राहिली नव्हती. ३ मार्चला उपोषण सुटलं आणि ते वाचले.

मग कस्तुरबा आजारी पडल्या. हृदय थकलेलं, त्यात फुप्फुसांचा विकार. धाकटे चिरंजीव देवदास यांनी पेनिसिलिन मिळवलं. तेव्हा हे औषध भारतात जवळपास मिळतच नव्हतं. पण ते इंजेक्शनने द्यावं लागणार होतं आणि इतक्या शेवटच्या घटकेला बांच्या देहाला पुन्हा टोचण्या नकोत, असं गांधीजींचं मत पडलं. पेनिसिलिन दिलं गेलं नाही. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या.

यातलं काय बरोबर, काय चूक, यावर आजही वाद होतात. पण तिथे हजर असलेल्या तिशीतही न पोचलेल्या डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. औषध आहे, पेशंट आईसारखी आहे, आणि निर्णय घरच्यांचा आहे. औषधाचा डोस पुस्तकात सापडतो, अशा घरातल्या माणसांशी बोलायचं कसं ते सापडत नाही. आज मेडिकलच्या मुलांना याची वेगळी तालीम देतात. पेशंट किंवा नातेवाईक बनून कुणीतरी समोर बसतं आणि विद्यार्थ्याने त्यांना वाईट बातमी सांगायची असते. सुशीला नायर यांना हे करावं लागलं ते तुरुंगात, आपल्याच माणसांसमोर.

आगाखान पॅलेसमधली रोजची हकीकत त्यांनी लिहून ठेवली होती. पुढे तिचं हिंदीत पुस्तक झालं. गांधीजींच्या शेवटच्या तुरुंगवासाबद्दल आज आपल्याला जे बारकावे कळतात, त्यातले बरेच त्या नोंदींमुळे.

बिर्लांचं गेस्ट हाऊस आणि कस्तुरबा हॉस्पिटल

१९४४ साली सुटका झाल्यावर त्या सेवाग्रामला परत आल्या आणि आश्रमात छोटासा दवाखाना सुरू केला. आजूबाजूच्या गावांतून लोक यायला लागले. बैलगाड्या, रडणारी पोरं, नातेवाईक. गर्दी इतकी वाढली की आश्रमाची शांतता मोडायला लागली.

मग दवाखाना हलवला तो बिर्लांनी दिलेल्या अतिथीगृहात. १९४५ साली त्याचं रीतसर हॉस्पिटल झालं आणि त्याला नाव मिळालं कस्तुरबांचं. सुरुवातीला ते बायका आणि मुलांसाठीचं लहानसं रुग्णालय होतं. स्वतः गांधीजींच्या हयातीत, त्यांच्या डोळ्यांसमोर सुरू झालेलं हे हॉस्पिटल.

पण सुशीला नायर यांच्या नशिबात एका जागी बसणं नव्हतं. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये नोआखालीत दंगली पेटल्या. गांधीजी तिथे गेले आणि सोबतच्या माणसांना त्यांनी एकेका गावात एकेकट्याने पाठवलं. त्यात सुशीला नायरही होत्या. दंगलीने पोळलेल्या गावात एकटी बाई, हातात औषधांची पेटी. पेशंट हिंदूही आणि मुसलमानही. आज आपल्यासमोर बसलेला माणूस काल कुठे होता, हे डॉक्टरने विचारायचं नसतं, याचा हा सगळ्यात कठीण पेपर होता.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली तेव्हा त्या दिल्लीत नव्हत्या. पाकिस्तानातल्या बहावलपूर संस्थानात अडकलेल्या हिंदूंची अवस्था बघायला गांधीजींनीच त्यांना पाठवलं होतं. ज्या माणसाच्या तब्येतीची रोज काळजी घेतली, त्याच्या शेवटच्या क्षणी डॉक्टर शेकडो मैल लांब होत्या.

अमेरिका, दिल्ली आणि मंत्रिपद

गांधीजींच्या नंतर त्या अमेरिकेला गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकल्या. सोपं करून सांगायचं तर एक पेशंट बरा करणं हे डॉक्टरचं काम आणि अख्खं गाव आजारी पडू नये हे बघणं म्हणजे सार्वजनिक आरोग्य. कॉलऱ्यात जे अंगावर पडलं होतं, त्याचं शास्त्र त्यांनी आता रीतसर शिकून घेतलं.

१९५० ला परत आल्यावर फरिदाबादला, जिथे निर्वासितांसाठी नवं गाव वसत होतं, तिथे त्यांनी क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढलं. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं कामही सांभाळलं. या संस्थेचं मुख्य ठिकाण वर्धाच.

१९५२ ला त्या दिल्ली विधानसभेत निवडून आल्या आणि दिल्लीच्या आरोग्यमंत्री झाल्या. नंतर तिथेच विधानसभेच्या अध्यक्ष. १९५७ ला झाशीतून लोकसभेत गेल्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या.

या खुर्चीवरून त्यांना एक चित्र स्पष्ट दिसत होतं. देशातली बहुतेक माणसं खेड्यात आणि बहुतेक डॉक्टर शहरात. सरकार नवी मेडिकल कॉलेजं काढत होतं, पण कॉलेज शहरात, हॉस्पिटल शहरात, शिकवणारे शहरातले. खेड्यातून आलेला मुलगासुद्धा पाच वर्षांत शहरी होऊन बाहेर पडायचा. मग त्याला गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं की तो बदलीचा अर्ज लिहायला बसायचा.

यात पोरांचा दोष किती आणि शिक्षणाचा किती? ज्या जागी काम करायचंय ती जागाच कधी दाखवली नाही, तर तिथे गेल्यावर माणूस बावचळणारच.

१९६९ : खेड्यातलं मेडिकल कॉलेज

लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते तेव्हाच ग्रामीण भागात मेडिकल कॉलेज काढून बघावं, हा विचार पुढे आला होता. १९६४ ला कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. आणि १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, सेवाग्रामला कॉलेज सुरू झालं. पहिली बॅच साठ विद्यार्थ्यांची. खर्चाचा भार केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि सोसायटी असा तिघांनी वाटून घेतला. सुशीला नायर तेव्हा मंत्री नव्हत्या, खासदार होत्या. दिल्लीतली ओळख आणि वजन त्यांनी या कॉलेजसाठी वापरलं.

आता जागा बघा. वर्धा हे नाव शिक्षणाच्या इतिहासात आधीच येऊन गेलं होतं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी इथेच शिक्षण परिषद भरवली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यातून नई तालीम आली. नई तालीमचं सूत्र असं की हाताने काम करता करता शिकायचं. सूत कातताना गणित, शेतात विज्ञान. सेवाग्रामात त्याची शाळाही चालायची.

सुशीला नायर यांच्या कॉलेजमध्ये याच मातीतलं शिक्षण मेडिकलला लागू झालं असं म्हणता येईल. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, ऑपरेशन थिएटर, परीक्षा हे सगळं इतर कॉलेजांसारखंच. पण त्याआधी आणि त्यासोबत आणखी एक अभ्यासक्रम होता.

तालीम नेमकी कशी चालायची?

सुरुवात प्रवेशापासूनच. अनेक वर्षं या कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. फिजिक्स-केमिस्ट्रीत पैकीच्या पैकी घेणाऱ्या मुलांनाही तो पेपर द्यावा लागायचा. नंतर नीट आली आणि ही परीक्षा गेली.

प्रवेश मिळाला की पहिला मुक्काम आश्रमात. पंधरा दिवस. पहाटे प्रार्थना, स्वतःची जागा स्वतः झाडायची, श्रमदान, सूतकताई. अंगावर खादी, ताटात शाकाहारी जेवण. दारू आणि सिगारेटला बंदी. हे नियम कॅम्पपुरते नव्हते, कॉलेजभर होते.

यातून मेडिकलचं काय शिकायला मिळतं, असा प्रश्न पडतोच. उत्तर साधं आहे. संडास साफ केलेल्या माणसाला स्वच्छतेवर भाषण देताना दहादा विचार करावा लागतो. मजुराइतकं नाही, पण थोडंफार घमेलं उचललेल्या मुलाला कंबरदुखीच्या पेशंटला आराम करा असं सांगणं तितकं सोपं जात नाही.

दुसरा मुक्काम गावात. बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं आणि पंधरा दिवस तिथे राहायचं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. त्यांच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं, बोलायचं. घरात माणसं किती, खाणं काय, पाणी कुठून, बाळंतपण कुठे झालं, लस घेतली का, कुणाला खोकला किती दिवसांचा. शिक्षक आणि मोठे डॉक्टर सोबत असतात, तपासण्या आणि उपचार ते बघतात. नव्या मुलांचं काम ओळख करून घेणं.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. पंधरा दिवस झाले की निरोप घेतला, असं होत नाही. तीच कुटुंबं पुढची काही वर्षं त्या विद्यार्थ्याकडेच राहतात. तो ठराविक दिवसांनी परत जातो. पहिल्या वर्षी ज्या बाईला फक्त नाव विचारलं, तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन कमी का हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळायला लागतं. पुस्तकातला अ‍ॅनिमिया आणि ओळखीच्या काकूंचा थकवा हे एकच आहे, हे तेव्हा डोक्यात बसतं.

यात एक धोका होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. गावातली माणसं म्हणजे मेडिकलच्या पोरांनी शिकायचे पुतळे नव्हेत. गरीब आहेत म्हणून त्यांच्यावर हात साफ करून घ्यायचा, हे जगभरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. सेवाग्रामच्या पद्धतीचं वेगळेपण इथे आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गावात इलाज करायला जात नाही, ऐकायला जातो. तिथे सुई त्याच्या हातात नसते, वही असते. आणि गावाला बदल्यात हॉस्पिटल मिळतं. पुढच्या काळात इथल्या डॉक्टरांनी परिसरातल्या गावांसाठी ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजनाही उभी केली. पीक निघालं की गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची, त्यातून गावातला औषधपाणी आणि कस्तुरबा हॉस्पिटलमधला इलाज. हप्ता पैशात नाही, धान्यात.

मग पुतळा कमी दर्जाचा का?

अजिबात नाही. आणि त्यासाठी पुन्हा आगाखान पॅलेसची ती सकाळ आठवावी लागेल.

महादेवभाई कोसळले तेव्हा छाती दाबून हृदय चालू ठेवायची आजची पद्धत जगाला माहीतच नव्हती. ती आली १९६० साली आणि आली जॉन्स हॉपकिन्समधून. म्हणजे सुशीला नायर शिकून परतल्यावर दहा वर्षांनी, त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ती जगापुढे मांडली.

पण मांडून भागत नव्हतं, ती लोकांना शिकवायला हवी होती. आणि जिवंत माणसाची छाती प्रॅक्टिससाठी दाबता येत नाही, बरगड्या मोडतात. मग नॉर्वेतल्या आस्मुंड लेअर्डाल नावाच्या खेळणीवाल्याने मऊ प्लॅस्टिकचा माणसाएवढा पुतळा बनवला. त्याला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्याचा. या पुतळ्याचं नाव अ‍ॅन. सीपीआर शिकलेल्या जगभरातल्या असंख्य लोकांनी पहिली छाती दाबली ती या अ‍ॅनची.

१९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी आणखी पुढे जाऊन माणसांनाच पेशंटची भूमिका करायला शिकवलं. विद्यार्थ्याने त्यांना तपासायचं, प्रश्न विचारायचे आणि शेवटी त्या खोट्या पेशंटने सांगायचं की तू कुठे चुकलास.

ही तालीम गाव देऊ शकत नाही. छाती किती खोल दाबायची हे चौकात बसून कळत नाही, ते पुतळ्यावरच शिकावं लागतं, शंभरदा. म्हणून आज सेवाग्रामलाही आणि वर्ध्याच्याच पलीकडे सावंगीला असलेल्या मेडिकल कॉलेजलाही नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे दोन्ही करावं लागतं. हाताची तालीम लॅबमध्ये आणि माणसांची तालीम माणसांत. पुतळा कधी सांगत नाही की गोळ्या महाग आहेत म्हणून मी अर्ध्याच घेतल्या. तो बसचं भाडं नाही म्हणून पुढच्या तारखेला येत नाही, असंही होत नाही.

सगळे डॉक्टर गावात गेले का?

नाही. सेवाग्रामहून शिकलेले डॉक्टर मोठ्या शहरांत आहेत, परदेशातही आहेत. पंधरा दिवस खादी घालून आणि गावात राहून प्रत्येकाचं आयुष्य बदलत नाही. हे कॉलेजलाही कळत होतं, म्हणूनच पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी आधी दोन वर्षं ग्रामीण भागात सेवा, असा नियम इथे आला. नुसत्या संस्कारावर विसंबून भागणार नाही, व्यवस्थाही हवी, हे त्यातून मान्य केलं गेलं.

सुशीला नायर यांची शिस्त सगळ्यांना आवडायची असंही नाही. वीस वर्षांच्या पोरांना खादी, प्रार्थना आणि बिनमांसाचं ताट सक्तीचं म्हणजे कुरबुर आलीच. पण ज्या शिस्तीत त्यांनी मुलांना ठेवलं, त्याच शिस्तीत त्या स्वतः राहिल्या. लग्न केलं नाही. कॅम्पसवर सगळे त्यांना बडी बहनजी म्हणायचे.

राजकारणात इंदिरा गांधींशी त्यांचं पटेनासं झालं. १९७७ ला त्या जनता पक्षाकडून झाशीतून पुन्हा लोकसभेत गेल्या. त्यानंतर मात्र राजकारण मागे पडलं आणि सेवाग्राम हेच काम उरलं. प्यारेलाल १९८२ साली गेले. गांधीजींच्या चरित्राचं त्यांचं अर्धवट राहिलेलं मोठं काम बहिणीने पुढे नेलं.

३ जानेवारी २००१ ला, वयाच्या ८६ व्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांचं निधन झालं. पंधरा दिवसांचा आश्रम, पंधरा दिवसांचं गाव आणि वाट्याला आलेली कुटुंबं, हा त्यांनी घालून दिलेला क्रम मागे राहिला.

कॉलऱ्याच्या साथीत त्या गावात उतरल्या तेव्हा त्यांना गाव माहीत नव्हतं. त्यांच्या कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या मुलावर अशी वेळ आली, तर निदान विहिरीबद्दल कोणाला विचारायचं, एवढं तरी त्याला ठाऊक असतं.